घरात काय पाळावं? तात्यांच्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

रविवारी सकाळी शेजारचे तात्या पेपर घेऊन आमच्या कट्ट्यावर आले. पेपर उघडलाच नाही. थेट प्रश्न: "काय गं, तू त्या माशांवर पीएचडी करतीयास न्हवं? मग एक सांग. नातीला घरात काहीतरी पाळायचं हाय. काय आणू?"

प्राण्यांशी संबंधित काहीही शिकणाऱ्या माणसाला हा प्रश्न वर्षातून दोन-चारदा येतोच. (दुसरा नेहमीचा प्रश्न: "पीएचडी कधी संपणार?" त्यावर लेख नाही.) आजवर मी "बघा, तुमच्या सोयीनं" असं काहीतरी बोलून सुटका करून घ्यायचे. पण नातीची यादी ऐकली आणि वाटलं, हे नीट लिहायला हवं. यादी अशी: पर्शियन मांजर, नाहीतर ससा, नाहीतर बोलणारा पोपट, नाहीतर "ते छोटं हिरवं कासव".

आधी घराची माहिती देते, कारण सगळं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. तात्या-काकू, मुलगा, सून आणि चौथीतली नात. मुलगा-सून दोघंही नोकरीला, संध्याकाळी सातच्या आत घरी नाहीत. काकूंचे गुडघे दुखतात, जिना चढणं-उतरणं बंद. मुलाला लहानपणापासून दमा. घर पूर्ण शाकाहारी. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, वर गच्ची. जयसिंगपुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, म्हणून तुमचंही घर यात थोडंफार सापडेल असं मला वाटतं.

सून म्हणाली, "पण ताई, प्राणी असला की मुलं हुशार आणि निरोगी होतात, असं संशोधन आहे ना?" आता संशोधनाचं नाव निघालंच, तर सुरुवात तिथूनच करू.

ह्या समजुतीमागे एक प्रसिद्ध अभ्यास आहे. १९८० साली अमेरिकेत हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची, दवाखान्यातून घरी गेल्यावर वर्षभरानं माहिती काढली. घरात प्राणी असलेल्या ५३ पैकी ३ जण वारले होते, नसलेल्या ३९ पैकी ११. फरक मोठा आहे. त्यानंतर "प्राणी पाळा, आयुष्य वाढवा" हे वाक्य जगभर फिरलं. पण जरा थांबून विचार करा. कुत्रा कोण पाळतं? ज्याला चालवतं तो. ज्याच्या घरी जागा आहे, पैसे आहेत, मदतीला माणूस आहे तो. म्हणजे प्राण्यामुळे तब्येत सुधारली, की तब्येत आणि परिस्थिती बरी होती म्हणून प्राणी आला? आमच्या भाषेत याला गोंधळ करणारा घटक म्हणतात. साधं उदाहरण द्यायचं तर, ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांची मुलं इंग्रजी शाळेत जास्त दिसतील, पण म्हणून गाडीमुळे इंग्रजी येत नाही.

२०१७ मध्ये रँड ह्या अमेरिकन संस्थेच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. कॅलिफोर्नियातली ५ ते ११ वर्षांची ५,००० हून जास्त मुलं. वरवर पाहिलं तर प्राणी असलेल्या घरातली मुलं खरंच जास्त निरोगी दिसत होती. मग त्यांनी घराचं उत्पन्न, पालकांची तब्येत, घराचा प्रकार वगैरे बाबी हिशोबात धरल्या आणि तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. याचा अर्थ प्राणी पाळून काही मिळत नाही असा नाही. मिळतं, पण ते औषधासारखं मोजून देता येत नाही. म्हणून "मुलीसाठी चांगलं असतं म्हणून" प्राणी आणू नका. तुम्हाला तो प्राणी, त्याचा वास, त्याची घाण आणि त्याचं म्हातारपण यासकट हवा असेल तर आणा.

आता यादीतलं पहिलं नाव. मांजर.

शाकाहारी घरातल्या मांजराबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या भागात, शिरोळ तालुक्यात, असं घर अपवाद नाही आणि याबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही. सगळ्यांच्या आजीकडे मांजर होतं. ते दूध-भाकरी खायचं आणि ठणठणीत होतं. मग अडचण काय?

अडचण टॉरिन नावाच्या एका छोट्या रेणूची. माणसाचं आणि बहुतेक कुत्र्यांचं शरीर तो स्वतः बनवतं. मांजराच्या शरीरात तो पुरेसा बनत नाही, अन्नातूनच यावा लागतो आणि तो मिळतो मांसात, माशात. ज्वारीत, दुधात तो जवळपास नसल्यासारखाच. १९७५ मध्ये दिसून आलं की टॉरिन कमी पडलं की मांजराच्या डोळ्यातला पडदा खराब होत जातो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की हृदयाचा स्नायू पातळ आणि ढिला पडण्याचा मांजरांचा एक जीवघेणा आजार याच कमतरतेमुळे होतो, आणि टॉरिन दिलं की तो बराचसा बराही होतो. त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं. मांजराला गाजरासारख्या भाज्यांतून अ जीवनसत्त्वही तयार करता येत नाही. तेही तयार स्वरूपात, म्हणजे प्राणिज अन्नातूनच लागतं. आणि दूध? मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं.

मग आजीचं मांजर कसं जगलं? तर ते दूध-भाकरीवर जगत नव्हतं. दूध-भाकरी हा त्याचा नाश्ता होता. जेवण माळ्यावर, गोठ्यात, उसाच्या फडात चालायचं. उंदीर, पाली, चिमण्या. आजीला ते दिसत नव्हतं किंवा दिसूनही ती बोलत नव्हती. आता तेच मांजर दुसऱ्या मजल्यावरच्या जाळी लावलेल्या घरात ठेवा. उंदीर नाही, पाली चार. त्याचा नाश्ता तेवढा शिल्लक राहिला, जेवण गेलं. मांजर घरात बंद केलं की त्याच्या पोटाची पूर्ण जबाबदारी आपली होते, आणि ती भाकरीनं भागत नाही. मांसाहारी घरात हा प्रश्न सोपा आहे. शाकाहारी घरात किमान डब्यातलं कोरडं खाद्य आणावं लागेल, त्यात मांस असतं हे माहीत असूनही. घरातल्या मोठ्यांना हे आधी सांगा आणि ते "चालेल" म्हणाले तरच पुढे जा. लपवून आणलेलं खाद्य सहा महिन्यांनी सापडतं आणि मग मांजर रस्त्यावर येतं. असं झालेलं मी आमच्याच गल्लीत पाहिलंय.

कुत्र्याची गोष्ट वेगळी आणि मला ती फार आवडते. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ पदार्थ पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात फक्त २ प्रती असतात, कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. म्हणजे माणूस शेती करायला लागला, उरलेलं अन्न टाकायला लागला, आणि ते खाणाऱ्या प्राण्याचं पचनच बदलत गेलं. आपल्या दारातलं कुत्रं भाकरी खातं ते नाइलाज म्हणून नव्हे, त्याच्या पोटात तेवढी सोय आहे. नुसत्या भाकरीवर तेही नीट वाढत नाही, प्रथिनं लागतातच. पण अंडं चालत असेल किंवा पशुवैद्याला विचारून आहार आखला तर शाकाहारी घरात कुत्रा वाढवता येतो. मांजराच्या बाबतीत हे एवढं सहज म्हणता येत नाही.

तात्यांच्या घरी मांजर बाद झालं ते मात्र खाण्यावरून नाही, दम्यावरून. लोक म्हणतात "केसाची ॲलर्जी", म्हणून मग "कमी केसांचं आणू" असा उपाय काढतात. खरा त्रास केसांचा नसून फेल-डी-१ नावाच्या एका प्रथिनाचा असतो. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींत तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. गादीत, सोफ्यात, पडद्यात बसतात. मांजर घरातून गेल्यावरही त्यांचं प्रमाण पूर्ववत व्हायला पाच-सहा महिने लागू शकतात. "ॲलर्जी न होणाऱ्या जाती" म्हणून जे विकलं जातं त्यालाही फारसा आधार नाही. २०११ मध्ये अमेरिकेत अशा "सुरक्षित" कुत्र्यांच्या घरातली धूळ तपासली, तर इतर कुत्र्यांच्या घरापेक्षा ॲलर्जीकारक प्रथिन काही कमी निघालं नाही.

घरात कुणाला दमा असेल तर आणण्याआधी एक करा. ज्यांच्याकडे तो प्राणी आहे अशा ओळखीच्यांकडे जाऊन दोन-तीन तास बसा, एकदा नाही, तीन-चारदा. तात्यांचा मुलगा मित्राच्या घरी जाऊन आला. दुसऱ्याच भेटीत पंप काढावा लागला. विषय संपला. नात दोन दिवस रुसली, ते वेगळं.

मांजराबद्दल आणखी एक, कारण हे विचारलं जातंच. घरात कुणी गरोदर असेल तर मांजर सोडून द्यायची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून येतो हे खरं, पण बाहेर पडल्यावर तो लागण करण्याइतका तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराच्या मातीचा ट्रे रोज साफ केला आणि तो गरोदर बाईऐवजी दुसऱ्या कुणी केला, तर धोका खूपच कमी होतो. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेला भाजीपाला यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

दुसरं नाव, बोलणारा पोपट. इथे माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. आपला हिरवा, गळ्यात लाल-काळी कंठी असलेला राघू हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित पक्षी आहे. पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे" हे कारण चालत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ही पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात, बाजारापर्यंत येताना त्यातली कितीतरी मरतात. जो जगतो तो थव्याचा पक्षी असून पंचवीस वर्षं एकटा मिरची खात "मिठू मिठू" करतो. नांदणीच्या माधुरी हत्तिणीला २०२५ च्या जुलैमध्ये गुजरातला नेलं, तेव्हापासून आमच्या भागात प्राण्यावरचं प्रेम आणि प्राण्याचं हित ह्या विषयावर प्रत्येकाचं ठाम मत आहे. माझं म्हणणं एवढंच की तीच चर्चा स्वतःच्या गॅलरीतल्या पिंजऱ्यासमोर उभं राहूनही करावी. तुमच्याकडे आधीच राघू असेल तर पिंजरा उघडून उडवून देऊ नका, त्याला उडायची ताकद आणि खाणं शोधायची सवय राहिलेली नसते. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे फोन करा.

हिरवं कासवही त्याच वाटेनं. चांदण्यांसारखी नक्षी असलेलं तारा कासव म्हणजे वाघाच्याच अनुसूचीतला प्राणी, त्याला हातही लावू नका. दुकानात मिळतं ते बहुधा लाल कानाचं अमेरिकन कासव असतं. आणताना पाच रुपयांच्या नाण्याएवढं, काही वर्षांत जेवणाच्या ताटलीएवढं, आणि आयुष्य तीस वर्षांच्या पुढे. कंटाळलेले मालक त्याला नदीत किंवा तळ्यात सोडतात. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. शिवाय त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं अशी पिल्लं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेनं १९७५ मध्येच चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी घातली.

पक्षीच हवा असेल तर बजरीगर बघा. लोक त्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात, पण तो वेगळा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आता पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला. तो पाळायला कायद्याची आडकाठी नाही. कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड यांनाही नोंदणी लागत नाही. मकाव, करडा आफ्रिकन पोपट अशा मोठ्या परदेशी पक्ष्यांची मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि खरं सांगायचं तर ते तीन खोल्यांच्या घरासाठी नाहीतच. बजरीगर नेहमी जोडीनं आणा, पिंजरा उंच नको, लांब हवा, म्हणजे आडवं उडता येतं. नुसती बाजरी-राळे खाऊन अ जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून रोज थोडी कोथिंबीर, पालक, गाजर. आणि पिंजरा स्वयंपाकघरात अजिबात नको. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला की त्यातून जो वायू निघतो त्यानं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार जोरकसपणे हवेतून सगळं खेचून घेतात, चांगलं आणि वाईटही.

तात्यांकडे पक्षीही नको असं मी सांगितलं, त्याच दम्यामुळे. पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ काही लोकांच्या फुप्फुसाला सूज आणते. फुप्फुसाच्या अशा आजारांच्या भारतातल्या एका नोंदवहीत (२०१७, १,०८४ रुग्ण) जवळपास निम्म्यांचा आजार श्वासातून गेलेल्या कणांच्या ॲलर्जीचा होता. त्यात एअर कूलरमधली बुरशी मोठी संशयित होती, पण पक्षी हे ह्या आजाराचं जुनं, ओळखीचं कारण आहे.

कुत्र्याबद्दल. कुत्रा हा माझा सर्वांत लाडका प्राणी आणि तरीही सर्वांत जास्त वेळा "नको" म्हणते ते कुत्र्यालाच. कारण त्याला जागा कमी चालते, माणूस कमी चालत नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सात घरी फक्त गुडघे धरलेल्या काकू, आणि कुत्रा दिवसातून तीनदा खाली न्यायचा. कोण नेणार? नात म्हणते "मी". चौथीतली मुलगी "मी" म्हणते तेव्हा ते मनापासून असतं, पण सहामाही परीक्षेपर्यंतचं असतं. मोठ्यांपैकी एकाचं नाव लिहून ठेवता येत नसेल तर कुत्रा आणू नये.

ज्यांना जमतं त्यांनी जात निवडताना आपलं हवामान बघावं. २००३ च्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग घरोघरी आला. चपट्या नाकाचा कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, पण धाप टाकायला लागणारी वाटच त्याच्या नाकात आखडलेली असते. इंग्लंडमध्ये नऊ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये आला. लॅब्रॅडॉरच्या तुलनेत उष्माघाताची शक्यता पगला सुमारे तिप्पट, फ्रेंच बुलडॉगला सहापट, बुलडॉगला चौदापट. आणि हे इंग्लंडमध्ये! आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात काय होत असेल याचा अंदाज करा. लोक कौतुकानं मुधोळ हाउंडही आणतात, शेजारचाच म्हणून. तो उघड्या माळावर ससे धावून पकडायला घडवलेला कुत्रा आहे, दोन खोल्यांत तो स्वतः वेडा होतो आणि घरालाही करतो. गल्लीतलं देशी पिल्लू घेतलंत तर हवामानाचा, पचनाचा, खर्चाचा बराच प्रश्न सुटतो. विकत घेत असाल तर आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणं नियमाबाहेर आहे, हे दुकानदाराला माहीत आहे का ते विचारा. त्याच्या उत्तरावरून दुकान कळतं.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि मग दरवर्षी, कुत्रा असो की मांजर, घराबाहेर जात नसलं तरी. भारतात अजून वर्षाला सुमारे ५,७०० माणसं रेबीजनं मरतात, असा अलीकडचा अंदाज आहे. आणि हा रोग एकदा दिसायला लागला की उपाय उरत नाही.

ससा. हा परिच्छेद लिहायचं मी टाळत होते.

मी सहावीत असताना बाबांनी बाजारातून पांढरा ससा आणला. मार्च होता. त्याला गच्चीवर, पत्र्याखाली खोक्यात ठेवला, कारण आईला घरात लेंड्या नको होत्या. आम्ही त्याला गाजर आणि कोबी द्यायचो, चित्रात असतं तसं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळेतून घरी आले तर तो आडवा पडलेला. पाण्याची वाटी भरलेली होती, मला वाटायचं पाणी आहे म्हणजे झालं. सशाला घाम जवळजवळ येत नाही, धाप टाकूनही त्याला फारसं थंड होता येत नाही. लांब कानांतल्या रक्तवाहिन्या हाच त्याचा पंखा. बाहेरची हवाच तापली की तो पंखा बंद पडतो. तिशीच्या पुढे तापमान गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा सदतीस-अडतीसला असतो. सशाचं मुख्य अन्न गाजर नाही, वाळलेलं गवत. दात आयुष्यभर वाढत राहतात, ते गवत चावून चावूनच झिजतात. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, पण आम्हीही विचारलं नाही.

म्हणून ससा आणायचा तर घरात, खाली, फरशीवर, दुपारी पंख्यासमोर ठेवायची तयारी हवी. गिनीपिगही तसाच उष्णतेला हळवा, आणि एकटा ठेवू नये. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनीपिग पाळणं नियमानंच बंद आहे. त्याला माणसासारखंच क जीवनसत्त्व बाहेरून लागतं, रोज ढोबळी मिरचीचा एक तुकडा दिला तर भागतं. शाकाहारी घरासाठी तसा तो फार गुणी प्राणी. पण गवताची धूळ आणि दमा, म्हणून तात्यांकडे तोही कटाप.

उरले मासे. यावर तात्या हसले, "म्हंजे तुझ्याच धंद्यावर आलीस की!"

आले खरी. पण आधी सांगते, सर्वांत जास्त मरणारा पाळीव प्राणी मासाच. आणि तो बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच मरतो. माझं रोजचं काम ह्याच मरणाभोवती असल्यामुळे हे जरा नीट सांगू द्या. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. टाकी जुनी असेल तर फिल्टरच्या स्पंजात, वाळूत जिवाणूंच्या वसाहती असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. आठवड्याला थोडं पाणी बदललं की तेही निघून जातं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. त्यांना वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? शनिवारी टाकी आणतो, रविवारी दहा मासे सोडतो, पुढच्या रविवारी पाच उरतात. मग "पाणी खराब झालं" म्हणून सगळी टाकी रिकामी करून स्पंज नळाखाली खळखळून धुतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं आलेले चार जिवाणूही मरतात. की पुन्हा शून्यापासून सुरू.

बोअरचं जड पाणी असेल तर आणखी एक भानगड. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक फार विषारी, एक कमी. पीएच ७ असताना विषारी रूप अर्धा टक्क्याच्या आसपास असतं, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच घाणीत दहापट विष.

काचेचा गोल भांडाही नको. रोम शहरानं २००५ मध्ये त्यावर बंदीच घातली. गोल्डफिश त्यात मुळीच नको, तो वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. साधारण ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन ५६ किलो. टीव्हीच्या टीपॉयवर ती ठेवू नका. पाणी जास्त असेल तेवढी चूक पोटात घालतं, म्हणून छोटी टाकी सोपी हा गैरसमज आहे. गप्पी घ्यायचे तर फक्त नर घ्या. एक मादी महिन्याला वीस-तीस पिल्लं देते आणि मग ती गुपचूप ओढ्यात जातात. नको असलेला मासा कृष्णेत, पंचगंगेत, विहिरीत कधीही सोडू नका. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा लोकांनी असाच सोडला, आणि आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतोय. खवल्याऐवजी काटेरी चिलखत, विकला जात नाही, वर जाळं फाडतो.

एक गोष्ट खास आपल्या तालुक्यासाठी. २००५, २०१९, २०२१. नृसिंहवाडी, कुरुंदवाडकडची माणसं पाणी वाढल्यावर नेसत्या कपड्यांनिशी जयसिंगपूरला आली, हे आपण पाहिलंय. तुमचं घर नदीकाठच्या गावात असेल तर पाळण्याआधी स्वतःला विचारा, बोटीत बसताना हा प्राणी कशातून नेणार? मांजराला झाकणाची टोपली, कुत्र्याला साखळी आणि लसीचं कार्ड, पक्ष्याला छोटा पिंजरा. टाकी उचलून नेता येत नाही. पूररेषेतल्या घराला मी मासे सुचवत नाही.

तात्यांचं घर उंचावर आहे. काकूंना मी सांगितलं की डब्यातल्या खाद्यात सुकी मासळी असते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "स्वयंपाकघरात आणायचा न्हाई डबा. आन् हात धुवायचे." सुनेनं डबा टाकीखालच्या कप्प्यात ठेवलाय.

टाकी येऊन आज तेवीस दिवस झाले. आत वाळू, दोन झाडं, फिल्टर, दिवा आणि पाणी. मासा एकही नाही. नात रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकते, ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून, आणि दर दोन दिवसांनी माझ्या किटचे थेंब टाकून रंग बघते. वहीत तिनं तीन रकाने पाडलेत. अमोनिया गेल्या मंगळवारपासून खाली यायला लागलाय, नायट्राइट अजून गडद जांभळा. काल येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांनी विचारलं, "मासे कुठायत?" तर तिनं सांगितलं, "अजून जागा तयार न्हाई झाली त्यांची."